अर्जातला अकरावा रकाना

शाळेत सगळे तिला मावशी म्हणायचे. मुलं, शिक्षक, शिपाई, मुलांना सोडायला येणारे आजोबासुद्धा. सतरा वर्षं ती त्या शाळेत होती. पहिली नऊ वर्षं झाडलोट आणि पाण्याच्या टाक्या, आणि पुढची आठ तळमजल्यावरच्या विशेष वर्गात. त्या वर्गात नऊ मुलं होती. कुणाला चालता येत नसे, कुणाला बोलता, एकाला तर पट्ट्याशिवाय खुर्चीत बसताही येत नसे. वर्गाच्या बाई शिकवायच्या आणि बाकी सगळं मावशी करायची. शौचाला नेणं, कपडे बदलणं, भरवणं, लाळ पुसणं, कुणी भिंतीवर डोकं आपटायला लागलं की मध्ये आपला तळहात घालणं. ‘मावशी, तुमच्यावाचून माझं पान हलत नाही,’ असं बाई म्हणायच्या, आणि त्यात खोटं काही नव्हतं. कागदोपत्री मात्र ती शिपाईच होती.

भिंगरी त्या वर्गातली. सात वर्षांची. बोलत नव्हती, पण उभी केली की फ्रॉकची दोन्ही टोकं धरून जागच्या जागी गरगर फिरायची आणि चक्कर आली की मावशीच्या अंगावर येऊन पडायची. म्हणून मावशीनंच तिला ते नाव पाडलं होतं. तिला आकडी यायची हे घरच्यांनी शाळेत घालतानाच सांगितलं होतं. पण शाळेत आकडी कधी आली नव्हती.

आली तेव्हा मधली सुट्टी होती. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, वर्गाच्या बाईंना कसल्याशा तपासणीच्या कामासाठी वर बोलावलं होतं. ‘पाच मिनिटांत येते,’ म्हणून बाई गेल्या त्याला अर्धा तास होऊन गेला होता. मावशी भिंगरीला कुस्करलेलं केळं भरवत होती. मध्येच पोरीची नजर वर गेली आणि अंग ताठ झालं. मावशी घाबरली नाही. तिच्या धाकट्या भावाला लहानपणी आकडी यायची, आणि आई काय करायची ते तिनं शंभरदा पाहिलं होतं. तिनं भिंगरीला उताणं झोपवलं, गुडघ्यांनी पाय दाबून धरले, आणि जीभ चावू नये म्हणून दातांत चमच्याचा दांडा घातला. दात घट्ट मिटलेले होते. तिनं जोर लावला. काहीतरी कटकन मोडल्यासारखं वाजलं. मग तिनं दाराकडे तोंड करून बाईंना हाका मारल्या, पण वरच्या मजल्यावर त्या कुणाला ऐकू गेल्या नाहीत.

भिंगरी तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच वारली. श्वासनलिकेत अन्न अडकलं, असं सांगितलं गेलं. शाळेनं चौकशी केली. वर्गशिक्षिका वर्गात हजर होत्या, तातडीनं योग्य ते उपचार केले आणि रुग्णवाहिका बोलावली, असं अहवालात लिहिलं गेलं. मावशीला कुणी एक शब्द विचारला नाही. मोठ्या बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “तुमचं काही चुकलेलं नाही. मनाला लावून घेऊ नका. थोडे दिवस भांडारघर सांभाळा.”

शाळेत शोकसभा झाली तेव्हा भिंगरीची आई आली होती. शिंपीकाम करणारी, हडकुळी बाई. सभा संपल्यावर ती भांडारघर शोधत आली आणि दारात उभी राहून मावशीला म्हणाली, “शेवटी माझ्या लेकरापाशी तुम्हीही होतात म्हणे, एवढं तरी बरं झालं.” मावशीनं तिला पाणी दिलं. त्या वाक्यावर मावशी पुढचे तीन महिने जगली.

मग सूचनाफलकावर कागद लागला. पुढच्या वर्षापासून विशेष वर्गात मान्यताप्राप्त मदतनीस शिक्षिकाच ठेवणार. ज्यांनी महाविद्यालयात तसा अभ्यासक्रम घेतलेला असेल किंवा प्रवेश तरी घेतलेला असेल, त्यांचाच विचार होईल. बाकीच्यांना निरोप.

मावशीची लेक कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. तिनं दोन दिवसांत तीन माहितीपत्रकं आणून जेवणाच्या टेबलावर पसरली.

“आई, हा सहा महिन्यांचा, घरबसल्या. हा एक वर्षाचा, संध्याकाळचा. आणि हा दोन वर्षांचा. सकाळी वर्ग, दुपारी शाळेत प्रत्यक्ष काम आणि मध्ये एक महिना दवाखान्यात.”

“दोन वर्षं?” मावशीचा नवरा छापखान्यात होता. कागद दिसला की तो आधी बोटांत धरून त्याची जाडी बघायचा. “हिला दोन वर्षं काय शिकवणार? सतरा वर्षं हेच करतेय. मासोळीला पोहायला शिकवायचं म्हणजे झालं! सहा महिन्यांचा घे आणि मोकळी हो.”

“बघू तर द्या आधी,” मावशी म्हणाली.

“बघ की. तीन मुली बघून एक पसंत करायची, तसं कर.”

लेक हसली. मावशीही हसली. भिंगरी गेल्यापासून ती त्या घरात पहिल्यांदाच हसली असेल.

पण मनातून तिचा प्रश्न ठरलेला होता. कुठंही गेलं तरी एकच विचारायचं. बाकी आपल्याला येतं. हे एक आपण आईचं बघून केलं होतं, आणि ते कुठं शिकवतात का, ते बघायचं. पोरगी वाचली नाही ती नशिबानं, याबद्दल तिला शंका नव्हती. तरी मोडल्याचा तो आवाज तिला भांडी घासताना ऐकू यायचा.

सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमाचं कार्यालय एका चष्म्याच्या दुकानावर होतं. तिथल्या माणसानं खुर्चीतून न उठताच सांगितलं, “पुस्तकं घरपोच येतील. परीक्षाही घरूनच. पुस्तक उघडून लिहिलं तरी कोण बघतंय?”

“एखाद्या मुलाला आकडी आली तर काय करायचं, हे कुठल्या पुस्तकात आहे?”

“आकडी?” तो चौथं पुस्तक चाळायला लागला, मग त्यानं ते मिटलं. “असेल कुठंतरी. नाहीतर मोबाईलवर शोधा ना, सगळं मिळतं.”

एक वर्षाच्या कॉलेजात भिंतीभर रंगीत तक्ते लावले होते. टेबलाशी बसलेली तरुण मुलगी फार गोड बोलत होती. मुलांशी संवाद, गोष्ट कशी सांगावी, टाकाऊतून टिकाऊ. आकडीचं विचारल्यावर ती म्हणाली, “ते डॉक्टरांचं काम ना, ताई. आपण फक्त फोन करायचा.”

“आणि फोन लागेपर्यंत?”

मुलीनं बाजूच्या टेबलावरच्या बाईंकडे पाहिलं. त्यांनी खांदे उडवले.

तिसरं महाविद्यालय शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. जुनी, ठेंगणी इमारत. त्या दिवशी तिथं येऊ घातलेल्या विद्यार्थिनींसाठी प्रात्यक्षिक ठेवलं होतं. मावशी आणि तिची लेक मागच्या बाकावर जाऊन बसल्या. तीसएक मुली होत्या, बहुतेक लेकीच्याच वयाच्या. शिकवणारे सर पूर्वी रुग्णवाहिकेवर काम केलेले, पन्नाशीचे, एका पायानं लंगडणारे. त्यांनी रबराची एक मोठी बाहुली सतरंजीवर ठेवली.

“आकडी आलेली कुणी पाहिलीय?”

मावशीनं हात वर केला. दुसऱ्या कुणी केला नाही.

“वा! मग तुम्हीच सांगा, ताई. काय केलंत?”

मावशी उभी राहिली. शाळेत असताना उत्तर येत असलं की उभं राहायची, तशी. “उताणं झोपवलं. पाय दाबून धरले. आणि जीभ चावू नये म्हणून दातांत चमचा घातला.”

“बरोबर,” सर म्हणाले. “म्हणजे शंभरातले नव्वद लोक हेच करतात. आणि नेमकं यातलं एकही करायचं नाही. ताईंनी फार चांगलं उदाहरण दिलं. आता नीट बघा सगळ्यांनी.”

ते खाली बसले आणि मावशीनं सांगितलेल्या क्रमानंच त्यांनी एकेक गोष्ट घेतली. उताणं ठेवलं की तोंडातलं अन्न आणि लाळ घशात उतरते, म्हणून कुशीवर वळवायचं. दाबून धरलं तर हाड मोडू शकतं, म्हणून धरायचं नाही, फक्त आजूबाजूच्या टोकदार वस्तू दूर करायच्या. आणि तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही. “दात तुटतो. तुटलेला दात आणि घास आत जातो. आकडीनं मूल सहसा जात नाही, ते यानं जातं. घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेली तर रुग्णवाहिका. झालं. एवढंच आहे. शिकायला दहा मिनिटं पुरतात.”

पुढच्या बाकावरची एक मुलगी मागं वळली. “मग त्या मुलाचं काय झालं?”

मावशी अजून उभीच होती. “मुलगी होती,” ती म्हणाली. “बरी झाली.”

“नशीबवान,” सर म्हणाले, आणि बाहुली कुशीवर वळवायला त्यांनी एकेकीला पुढं बोलावलं.

मावशीची पाळी आली तेव्हा ती जागेवर नव्हती. लेकीला ती अंगणातल्या नळापाशी सापडली. नळ सोडून ती नुसतीच वाहत्या पाण्याकडे बघत बसली होती.

“आई, तुला कसं माहीत असणार होतं?”

“बाईंना माहीत असणार,” मावशी म्हणाली. “त्या शिकलेल्या आहेत.”

बाईंच्या घरी ती पूर्वी दोनदा गेली होती, त्यांच्या बाळंतपणात मदतीला. या वेळी बाईंनी दार उघडलं आणि तिचा चेहरा बघून मुलांना आतल्या खोलीत पाठवलं.

“बाई, एकच विचारायला आले. चमच्यामुळं झालं ना?”

बाईंनी दाराची कडी दोनदा लावली आणि दोनदा काढली. “डॉक्टरांनी तुटलेला दात काढून दाखवला होता,” शेवटी त्या म्हणाल्या. “तुम्हाला सांगून काय मिळालं असतं, मावशी? पोर तर गेलीच होती. तुम्ही खचला असता.”

“ते नंतरचं झालं. मी आधीचं म्हणतेय. आकडी आली तर कुशीवर वळवायचं, एवढं तुम्ही मला आठ वर्षांत एकदा सांगितलं नाहीत.”

“तिच्या फायलीत लिहिलं होतं सगळं. कपाटातच होती.”

“कपाटाला कुलूप होतं. शिपायानं फाईल बघायची नाही, असा नियम होता.”

बाई भिंतीला टेकून खाली बसल्या. रडल्या नाहीत. “मला रोज वाटायचं, सांगायला हवं,” त्या म्हणाल्या. “रोज काहीतरी दुसरं निघायचं.”

मावशीही बसली. मधल्या सुट्टीत मुलं झोपली की दोघी शेजारी बसायच्या, तशीच. उठताना मावशीच्या मनात राग होता की नव्हता, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

तिसऱ्या महाविद्यालयाचा अर्ज चार पानांचा होता. लेकीनं दहा रकाने भरले आणि अकराव्यापाशी पेन थांबवलं. तिनं मोठ्यानं वाचलं, “आपल्या देखरेखीखाली असताना एखाद्या बालकास गंभीर इजा वा मृत्यू झाला आहे काय? होय किंवा नाही. होय असल्यास संपूर्ण हकीकत लिहावी.”

“नाहीवर खूण कर,” नवरा म्हणाला. “अहवालात तुझं नावसुद्धा नाही. बाई हजर होत्या, असंच छापलंय ना? मग संपलं.”

“छापलं म्हणून खरं होतं का?”

“छापखान्यात काम करतो मी. खरंखोटं मला नको सांगूस.” मग त्याचा आवाज खाली आला. “अगं, होय म्हणालीस तर ते शाळेला विचारणार. शाळा तुला ठेवेल? बाईंची नोकरी जाईल. तू स्वतःच्या पायावर धोंडा पाडतेयस, आणि त्यांच्याही. नाहीतर तो सहा महिन्यांचा घे. तिथं काही विचारत नाहीत.”

“म्हणूनच तो नको.”

“का पण?”

मावशीला नीट सांगता येईना. “तिथून कागद घेऊन मी परत वर्गात जाईन,” ती म्हणाली, “आणि मला परत काही येत नसेल.”

लेकीकडून पेन घेऊन तिनं ‘होय’वर खूण केली. हकीकत तिनं स्वतःच्या हातानं लिहिली. बारावीनंतर इतकं सलग ती कधी लिहीत बसली नव्हती. केळं, नजर वर जाणं, गुडघे, चमचा, आवाज, हाका. बाई वर्गात नव्हत्या, हेही लिहिलं. तिथं ती फार वेळ अडली. ते वाक्य तिनं एकदा खोडलं आणि त्याच्याच खाली पुन्हा लिहिलं.

पुढं काय झालं ते नवऱ्यानं सांगितलं होतं तसंच झालं. महाविद्यालयाच्या समितीनं शाळेकडं विचारणा केली. शाळेचं धाबं दणाणलं. मोठ्या बाईंनी मावशीला बोलावलं तेव्हा खांद्यावर हात ठेवला नाही. “ज्या ताटात खाल्लंत त्यालाच भोक पाडलंत,” एवढंच त्या म्हणाल्या. त्याच आठवड्यात भांडारघराची किल्ली तिच्याकडून काढून घेतली. चौकशी पुन्हा उघडली. वर्गाच्या बाई निलंबित झाल्या. मोठ्या बाई मात्र राहिल्या, कारण त्यांनी बाईंना वर बोलावल्याची नोंद कुठंच नव्हती. आणि समितीचं पत्र आलं, की ज्यांच्या हातून असं घडलं आहे त्यांना या वर्षी मुलांबरोबर काम करण्याच्या अभ्यासक्रमाला प्रवेश देता येत नाही; प्रथमोपचाराचं शिक्षण पूर्ण करून पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करावा.

म्हणजे तेलही गेलं आणि तूपही गेलं. नवऱ्यानं ते बोलून दाखवलं नाही. तो आठ दिवस कशावरच काही बोलला नाही, आणि मावशीला ते बोलण्यापेक्षा जड गेलं.

एका दुपारी भिंगरीची आई घरी आली. तिच्या बाहीला पांढऱ्या दोऱ्याचे तुकडे चिकटलेले होते. मावशी खुर्ची पुढं करत होती, पण ती बसली नाही.

“मला शाळेनं बोलावलं होतं,” ती म्हणाली. “तुम्ही लिहिलेलं वाचून दाखवलं. खरं आहे ते?”

“खरं आहे.”

“मी तुमचे आभार मानले होते.”

“हो.”

“तेव्हा माहीत होतं तुम्हाला?”

“नव्हतं. देवाशप्पथ नव्हतं. कळल्यावर लिहिलं.”

“अर्जात लिहिलंत. माझ्याकडं नाही आलात.”

समितीला लिहिलं, बाईंना जाऊन विचारलं, पण या बाईच्या दारापर्यंत तिचे पाय गेले नव्हते. दोनदा निघाली होती आणि दोन्ही वेळा कोपऱ्यावरून परतली होती. ते सांगणं म्हणजे सबब सांगणं झालं असतं.

“तिला दुखलं का?” आईनं विचारलं.

“आकडीत कळत नाही, असं सर म्हणाले.”

“आणि त्याच्या आधी?”

“आधी केळं खात होती. माझ्या हातातलं ओढून घेत होती.”

आईनं मान हलवली, जणू एवढंच तिला हवं होतं. मग तिनं विचारलं, “तुम्ही ते शिकणार आहात अजून? मदतनिसाचं?”

“पुढच्या वर्षी घेतलं तर.”

“शिका,” ती म्हणाली. “कुणीतरी शिकलंच पाहिजे. पण माझा धाकटा आता तुमच्या इथल्या शाळेत जायला लागलाय, नाल्यापलीकडच्या. तिथं कधी येऊ नका. मला सकाळी फाटकात तुमचं तोंड बघता येणार नाही.”

“नाही येणार.”

ती जिना उतरून गेली. मावशी तिच्यामागं दार लावायला गेली आणि दाराला धरून तशीच उभी राहिली. मग त्या आठवड्यात पहिल्यांदा नवरा बोलला. “ये आत,” तो म्हणाला. “बस जरा.”

ते वर्ष तिनं एका मोठ्या दवाखान्याच्या धुलाईघरात काढलं, चादरी आणि रुग्णांचे झगे वेगळे करत. रविवारी ती प्रथमोपचाराच्या वर्गाला जायची. तिथं ती बाहुली कुशीवर वळवायची तेव्हा इतकी हळू वळवायची, की शिकवणारी म्हणायची, “ताई, रबराची आहे ती.” बाईंना दुसऱ्या गावी कारकुनाचं काम मिळाल्याचं तिच्या कानावर आलं. तिनं त्यांना एक पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही, आणि येईल असं तिलाही वाटलं नव्हतं.

पुढच्या वर्षी समितीनं तिला आत बोलावलं. पाच जण होते. त्यांतल्या एकीनं विचारलं, “एवढं झाल्यावर तुम्हाला याच कामात का यायचंय? दुसरं काहीही करता येईल.”

“मला हे काम येतं,” मावशी म्हणाली. मग थांबून म्हणाली, “येतं असं वाटायचं.”

तिला प्रवेश मिळाला. वर्गातल्या मुली तिच्याहून वीस-बावीस वर्षांनी लहान होत्या, आणि पहिल्याच आठवड्यात त्याही तिला मावशी म्हणायला लागल्या. दुपारच्या प्रत्यक्ष कामासाठी शाळांची यादी आली. नाल्यापलीकडची शाळा घरापासून चालत दहा मिनिटांवर होती, आणि यादीत सगळ्यात वर होती. मावशीनं शेवटची निवडली. दोन बस बदलून तिथं जायला सव्वा तास लागतो. वाटेत ती पुस्तक उघडून बसते. त्यातले बरेच शब्द जड आहेत, आणि बस उसळली की ओळ हरवते. अडलेल्या शब्दाखाली ती पेन्सिलीनं रेघ मारते, आणि संध्याकाळी घरी गेल्यावर लेकीला त्याचा अर्थ विचारते.